अणुधूळ, दूध आणि उशिरा आलेली सूचना

१९५७ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या मध्यास इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील कम्बरलंड परगण्यात एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. शेतकरी नेहमीप्रमाणे पहाटे उठून गाईंच्या धारा काढीत होते, दुधाचे कॅन नेहमीप्रमाणे भरले जात होते आणि मग तेच कॅन गटारांत, ओढ्यांत आणि समुद्रात रिते केले जात होते. दूध नासलेले नव्हते. त्याच्या रंगात, वासात वा चवीत काडीचाही फरक पडलेला नव्हता. गाईही धडधाकट होत्या. परंतु दोनच दिवसांपूर्वी त्या भागातील कुरणांवर किरणोत्सर्गी आयोडीन पडले होते; गाईंनी चरताना ते गवताबरोबर पोटात घेतले होते आणि आता ते दुधात उतरू लागले होते. ते लहान मुलांच्या पोटात जाऊ नये म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटर टापूतील दूध फेकून देण्याचा निर्णय ब्रिटिश अधिकाऱ्यांना घ्यावा लागला.

हे आयोडीन विंडस्केल येथील अणुभट्टीतून आले होते. १९८१ पासून हे ठिकाण सेलाफील्ड या नावाने ओळखले जाते. भट्टी विजेसाठी बांधलेली नव्हती. ब्रिटनच्या अणुबाँबला लागणारे प्लुटोनियम तीत तयार होत असे. १० ऑक्टोबरला तिच्या गाभ्यास आग लागल्याचे ध्यानात आले, ती विझविण्यास दुसरा दिवस उजाडला, आणि तोवर उंच धुराड्यातून सुमारे २० हजार क्युरी आयोडीन वाऱ्यावर गेले. (पुढील काळातील काही हिशेब हा आकडा याच्या दुपटीहून अधिक धरतात.) दुधात किती आयोडीन असले तर ते मुलांना चालेल, याची ठरलेली मर्यादा त्या दिवशी कोणाजवळही नव्हती. तज्ज्ञांनी घाईघाईने आकडेमोड करून ती ठरविली : दर लिटरला एक दशांश मायक्रोक्युरी. १२ ऑक्टोबरला पहिली बंदी आली, मग ती वाढत गेली, आणि काही गावांत ती नोव्हेंबरच्या उत्तरार्धापर्यंत राहिली.

या घटनेकडे दोन प्रकारे पाहता येते. पूर्वतयारी शून्य होती, हे खरे. पण दूध वेळेवर थांबले, हेही तितकेच खरे. पुढील साठ-पासष्ट वर्षांत जगात जेथे जेथे अशी धूळ कुरणांवर पडली तेथे मुलांचे काय झाले हे पाहू लागलो, की हा दुसरा मुद्दाच निर्णायक ठरतो. दुधातील आयोडीनचा धोका हा किरणोत्सर्गाच्या सर्व धोक्यांमध्ये बहुधा सर्वांत सहज टाळता येण्याजोगा आहे. त्यासाठी मोठे शास्त्र लागत नाही की मोठा खर्च लागत नाही. लागते ती एक सूचना, आणि ती दोन दिवसांच्या आत घरोघर पोचावी लागते. ती पोचली नाही, तर पुढे कितीही रुग्णालये उभारली तरी तो उशीर भरून निघत नाही.

गवतापासून गळ्यापर्यंत

युरेनियमचे अणू फुटले की त्यांतून अनेक किरणोत्सर्गी द्रव्ये निर्माण होतात. बाँबचा स्फोट असो की भट्टीचा अपघात, ही द्रव्ये त्यांतून वाऱ्यावर जातात आणि कालांतराने, विशेषतः पावसाबरोबर, खाली बसतात. या अणुधुळीत आयोडीन-१३१ असते. आता दर चौरस मीटर गवतावर पडलेले आयोडीन अगदी थोडे असेल. पण गाय एका चौरस मीटरवर थांबत नाही. दिवसभरात ती शंभराहून अधिक चौरस मीटरवरचे गवत सहज फस्त करते आणि त्या सर्व जागेवर विखुरलेले द्रव्य स्वतःच्या शरीरात गोळा करते. एका दिवसाच्या आत ते दुधात दिसू लागते आणि दोन-तीन दिवसांत त्याचे प्रमाण शिखर गाठते. एखाद्या तज्ज्ञाने अणुधूळ वेचण्याचे यंत्र मुद्दाम घडवायचे ठरविले असते तरी गाईइतके कार्यक्षम यंत्र त्याला साधले नसते. शेळीच्या बाबतीत तर लिटरमागे हे प्रमाण कित्येक पट अधिक भरते. ‘शेळीचे दूध लेकराला हलके’ या समजुतीने ते पाजणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवावे असे आहे.

मुलाच्या शरीरात काय होते ते आता पाहू. गळ्याच्या पुढील भागात अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड, असते. शरीराची वाढ आणि बुद्धीची वाढ ज्या स्रावावर अवलंबून आहे तो स्राव तयार करण्यासाठी तिला आयोडीन लागते आणि म्हणून ती रक्तातील आयोडीन शोषून साठविते. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते, हा भेद तिला कळत नाही. प्रौढ माणसाची ही ग्रंथी सुमारे २० ग्रॅम वजनाची असते, तर वर्षभराच्या मुलाची अवघी दोन ग्रॅमच्या आसपास. तेवढेच आयोडीन त्या दोन ग्रॅममध्ये साठले की प्रत्येक पेशीला मिळणारा मार सुमारे दसपट होतो. शिवाय मूल आपल्या वजनाच्या मानाने बापापेक्षा कितीतरी अधिक दूध पिते आणि त्याच्या ग्रंथीच्या पेशी वाढीच्या भरात असतात. एकाच घरात, एकाच चरवीतले दूध पिणाऱ्या बापाला आणि त्याच्या तान्ह्या मुलीला होणारा धोका म्हणूनच सारखा नसतो.

आपल्याकडे दुधाबद्दलची कोणतीही शंका उकळण्याने मिटते अशी एक पक्की समजूत आहे. जंतूंच्या बाबतीत ती रास्त आहे. किरणोत्सर्गाच्या बाबतीत मात्र चुलीचा काही उपयोग नाही. अणूचे गर्भ उष्णतेला दाद देत नाहीत. उलट दूध आटले की लिटरमागे प्रमाण थोडे वाढतेच.

पण याच द्रव्याच्या स्वभावात दिलासाही आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. म्हणजे आठ दिवसांत ते निम्मे उरते, सोळा दिवसांत पाव, आणि ८० दिवसांत हजारात एक भाग. दूषित दुधाची भुकटी किंवा चीज करून ते तीन महिने कोठारात ठेवले तर आयोडीनपुरते ते निर्धोक होते. जनावरांना कुरणात न सोडता अगोदर कापून ठेवलेली वैरण घातली तर दुधात ते येतच नाही. आपल्याकडील शेतकरी उन्हाळ्यात जनावरांना कडबा घालतो. झाकलेल्या गंजीतला तो कडबा हा या बाबतीत उत्तम संरक्षक ठरेल. पावसाळ्यात रानात चरणाऱ्या गाई-म्हशींची गोष्ट वेगळी. आणि मुलांना काही आठवडे भुकटीचे दूध दिले, वेळेवर साध्या आयोडीनची मात्रा देऊन ग्रंथी आधीच भरून टाकली, की त्यांचा गळा वाचतो. ग्रंथी ज्याची आधीच उपाशी, त्याच्यावर हे संकट अधिक येते. ज्या प्रदेशात अन्नात आयोडीन कमी असते तेथील मुलांची ग्रंथी मिळेल ते आयोडीन अधाशीपणे ओढून घेते. मिठात आयोडीन घालण्यामागचे मुख्य प्रयोजन गलगंड टाळणे हे असले तरी त्याचा हा दुसरा लाभ विसरण्यासारखा नाही.

फिल्म वाचली, मुले राहिली

अमेरिकेतील कथा अशी की, अणुधुळीचा पहिला बोभाटा तेथे दुधामुळे झाला नाही, फोटोच्या फिल्ममुळे झाला. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट झाला. त्यानंतर काही काळाने ईस्टमन कोडॅक कंपनीच्या न वापरलेल्या फिल्मवर ठिपके आढळू लागले. कंपनीच्या शास्त्रज्ञांनी शोध घेतला तेव्हा दोष वेष्टनाच्या पुठ्ठ्यात निघाला. तो दूरच्या इंडियाना राज्यातील गिरणीत तयार झाला होता आणि तेथील नदीच्या पाण्याबरोबर अणुधूळ त्यात शिरली होती. १९५१ च्या आरंभी नेव्हाडात चाचण्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ कंपनीच्या रॉचेस्टर गावी पडलेले बर्फ किरणोत्सर्गी निघाले. कंपनीने तक्रार करताच अणुऊर्जा आयोगाने फिल्म बनविणाऱ्यांना चाचण्यांची आणि धूळ कोठे पडण्याचा संभव आहे याची माहिती आगाऊ देण्याची व्यवस्था केली.

तशी व्यवस्था दुधासाठी झाली नाही. ज्या वाऱ्याची वार्ता फिल्मच्या कारखान्याला मिळत होती तोच वारा मोंटाना आणि आयडाहो राज्यांतील कुरणांवरून जात होता आणि तेथील कुटुंबे घरच्या गाईचे दूध मुलांना देत होती. अमेरिकी काँग्रेसने कायद्याने सांगितले तेव्हा कोठे तेथील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने याचा अभ्यास हाती घेतला, आणि १९९७ साली त्याचा अहवाल बाहेर आला. नेव्हाडातील चाचण्यांतून सुमारे १५ कोटी क्युरी आयोडीन-१३१ वातावरणात गेले होते. चेर्नोबिलमधून बाहेर पडलेल्या आयोडीनच्या हे जवळजवळ तिप्पट आहे. फरक इतकाच, की ते अनेक वर्षांत आणि खंडप्राय प्रदेशावर पसरले. सर्वाधिक मात्रा मिळाली ती त्या काळी लहान असलेल्या आणि भरपूर दूध पिणाऱ्या मुलांना. यामुळे आयुष्यभरात अवटू ग्रंथीच्या कर्करोगाचे किती जादा रुग्ण होतील, याचा अंदाज सुमारे ११ हजारांपासून २ लाख १२ हजारांपर्यंत दिला गेला. अंदाजाचा हा विस्तारच सांगतो की वेळेवर मोजमाप झाले नाही म्हणजे पुढे गणितालाही मर्यादा पडतात.

एका राज्याने मात्र स्वतःच्या बुद्धीने पाऊल उचलले. १९६२ च्या उन्हाळ्यात युटा राज्याच्या आरोग्य खात्याला दुधात आयोडीन वाढल्याचे आढळले तेव्हा त्याने ते दूध चीज आणि भुकटीकडे वळविले. म्हणजे उपाय ठाऊक होता, साधा होता, आणि राज्य पातळीवरचे अधिकारी तो अमलात आणू शकत होते. वॉशिंग्टनमधील संबंधित मंडळाने यावर काय म्हणावे? तर किरणोत्सर्गाच्या आपल्या मार्गदर्शक मर्यादा बाँबच्या धुळीला लावण्यासाठी केलेल्याच नाहीत! गळ्याच्या ग्रंथीला हा भेद कोणी समजावून द्यावा?

तीन लाख दुधाचे दात

आयोडीनवरून स्ट्रॉन्शियमकडे वळताना थोडे सावध असले पाहिजे, कारण येथे गोष्ट दिसते तितकी सरळ नाही. स्ट्रॉन्शियम-९० हे रसायनशास्त्राच्या दृष्टीने कॅल्शियमचे भाऊबंद. ते हाडांत आणि दातांत जाऊन बसते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षांचे आहे. तेथे कोठारात दूध ठेवून काही साधत नाही. १९५८ साली अमेरिकेतील सेंट लुई शहरात काही शास्त्रज्ञ आणि गृहिणी एकत्र आल्या आणि त्यांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली. डॉ. लुईझ रीस या वैद्यक क्षेत्रातील बाईंनी तिचे नेतृत्व केले. बॅरी कॉमनर यांच्यासारखे शास्त्रज्ञ मागे उभे राहिले. दात पाठविणाऱ्या मुलाला ‘मी माझा दात विज्ञानाला दिला’ असा मजकूर असलेला बिल्ला मिळे. सुमारे तीन लाख दात जमले. १९६१ च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात रीसबाईंचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पन्नाशीच्या दशकात मुलांच्या दातांतील स्ट्रॉन्शियम वाढत गेले हे त्यातून दिसले. पुढे १९६३ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० साली जन्मलेल्यांच्या सुमारे पन्नासपट आढळले. वातावरणातील अणुचाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावर ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत सह्या झाल्या. त्या करारामागे अनेक राजकीय कारणे होती. पण तो होण्यासाठी जे लोकमत लागले ते घडविण्यात या दातांचा वाटा नाकारता येणार नाही.

तथापि दातांत स्ट्रॉन्शियम सापडले याचा अर्थ त्या मुलांना रोग झाला असा नव्हे. मोहिमेने धूळ शरीरात पोचते हे सिद्ध केले. तिने अमुक इतके आजार झाले असे सिद्ध केले नाही, आणि दोन्ही गोष्टींत गल्लत करणारे लिखाण पुढे पुष्कळ झाले. दुसरी एक गोष्ट त्याहूनही कमी लोकांना माहीत आहे. गाईचे शरीर कॅल्शियम सहज दुधात सोडते, स्ट्रॉन्शियम मात्र बरेचसे अडविते. त्यामुळे धान्य-भाजीपाल्यातून येणाऱ्या कॅल्शियमबरोबर जितके स्ट्रॉन्शियम येते त्याच्या मानाने दुधातील कॅल्शियमबरोबर कमी येते. भीतीपोटी मुलांचे दूध कायमचे तोडणाऱ्या पालकांनी म्हणजे चाळणीतून गाळलेले सोडून न गाळलेलेच मुलांना दिले. काही आठवडे ताजे दूध टाळा, हा सल्ला आयोडीनपुरता आणि त्या आठवड्यांपुरताच खरा आहे. दुधावाचून वाढणाऱ्या मुलांची संख्या ज्या देशात मुळातच मोठी आहे, तेथे हा फरक ठासून सांगितला पाहिजे.

त्या करारात फ्रान्स व चीन सामील झाले नव्हते. चीनने लोप नोर येथे १६ ऑक्टोबर १९६४ ला पहिला स्फोट केला आणि जगातील वातावरणातील शेवटची अणुचाचणीही तेथेच, १६ ऑक्टोबर १९८० रोजी, झाली. तेव्हापासून कुरणांवर नवी अणुधूळ पडली ती अपघातांमुळे.

गोमेल आणि वॉर्सा

२६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर चेर्नोबिलची चौथी भट्टी फुटली. प्रिप्यात शहरातील सुमारे ४९ हजार लोकांना दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांतून हलविण्यात आले. त्यांना आयोडीनच्या गोळ्याही मिळाल्या. पण वाऱ्याने धूळ नेली ती शहराच्या हद्दी पाहून नव्हे. बेलारूसचा गोमेल प्रांत, रशियाचा ब्रियान्स्क, उत्तर युक्रेन या भागांतील खेड्यांत तेव्हा वसंताला सुरुवात झाली होती, गाई नुकत्याच कुरणात जाऊ लागल्या होत्या, आणि घरोघर मुले घरच्या गाईचे ताजे दूध पीत होती. या प्रदेशात अन्नातले आयोडीन मुळातच कमी. दुधातील आयोडीनची तात्पुरती मर्यादा सोव्हिएत सरकारने ६ मे रोजी घातली : लिटरला ३७०० बेकेरेल. म्हणजे तंतोतंत तीच, जी विंडस्केलला तज्ज्ञांनी घाईत ठरविली होती, फक्त एकक नवे. तोपर्यंत दहा दिवस उलटले होते आणि निम्म्याहून अधिक आयोडीन, जेथे जायचे तेथे जाऊन, आपले काम करून संपले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. सरकारी दुग्धशाळांत येणारे दूध या मर्यादेने अडविता आले. परसातल्या गाईचे दूध अडविण्यास त्या परसात जाऊन सांगणारे माणूस हवे होते. पक्षाचे सरचिटणीस गोर्बाचेव्ह दूरचित्रवाणीवरून देशाशी बोलले ते १४ मे रोजी.

चारच वर्षांत बेलारूसमधील शल्यचिकित्सकांकडे गळ्याची गाठ घेऊन मुले येऊ लागली. एरवी मुलांमध्ये हा कर्करोग इतका दुर्मिळ की एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात मोजकेच रुग्ण दिसावेत. १९९२ च्या सप्टेंबरात मिन्स्कच्या डॉक्टरांनी ‘नेचर’मध्ये ही माहिती प्रसिद्ध केली तेव्हा पाश्चात्त्य तज्ज्ञांपैकी अनेकांना ती पटली नाही, इतक्या लवकर कर्करोग होत नसतो, असे पुस्तकांत लिहिले होते. मुलांच्या गाठींनी पुस्तके वाचली नव्हती. २००५ पर्यंत, अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये ६ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. २०१५ पर्यंतची संख्या १९ हजारांवर गेली आहे. यांतील सगळेच किरणोत्सर्गाने झालेले नाहीत. वय वाढले तसा आणि तपासणी कसून होऊ लागली तसाही आकडा वाढला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या मते त्यांपैकी सुमारे पाव रुग्णांचे कारण किरणोत्सर्ग हे धरता येईल. हा कर्करोग बहुधा बरा होतो, २००५ पर्यंत मृत्यूंची संख्या १५ होती, असेही सांगितले जाते. ते खरे आहे. पण ग्रंथी काढून टाकल्यावर जन्मभर रोज घ्यावी लागणारी गोळी आणि गळ्यावरचा आडवा व्रण हे त्या मुलामुलींनी कोणत्या दोषाबद्दल वागवायचे?

त्याच आठवड्यात पोलंडमध्ये काय घडले ते याच्याशेजारी ठेवून पाहावे. मॉस्कोने वॉर्साला काही कळविले नव्हते. २८ एप्रिलला सकाळी मिकोवायकी येथील मापनकेंद्रात काटा चढला, आणि दुसऱ्याच दिवशी आयोडीन वाटपाचा निर्णय झाला. गोळ्या पुरेशा नव्हत्या, म्हणून औषधालयांनी आयोडीनचे पातळ द्रावण बनविले. शाळा, बालवाड्या आणि दवाखाने यांच्यामार्फत काही दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना ते पाजण्यात आले. गाईंना हिरवा चारा घालण्यास १५ मेपर्यंत मनाई झाली, आणि चार वर्षांखालील मुलांना भुकटीचे दूध देण्यात आले. पोलंडवर पडलेली धूळ गोमेलच्या मानाने पुष्कळ कमी होती, त्यामुळे दोहोंची बरोबरी करणे रास्त होणार नाही. पण पोलंडचे सरकारही त्याच गटातले, तितकेच तोंड मिटून राहणारे. लष्करी कायदा उठून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. त्या सरकारलाही चोवीस तासांत हे जमले.

मुंबईतले आयरिश लोणी

या साऱ्याशी मुंबईचा संबंध आला तो लोण्यावरून. युरोपीय समुदायाकडून आपल्या दुग्धविकास कार्यक्रमाला दुधाची भुकटी आणि लोणी देणगीदाखल मिळत असे. चेर्नोबिलनंतर या मार्गाने आलेले आयर्लंडचे २०० टन लोणी किरणोत्सर्गी आहे, असा आक्षेप घेऊन मुंबईतील काही नागरिक उच्च न्यायालयात गेले. तेथे अर्ज फेटाळला गेला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली, अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मर्यादेत असलेले पदार्थ निर्धोक आहेत असा तिने निर्वाळा दिला, आणि १९८८ साली प्रकरण मिटले.

शास्त्राच्या दृष्टीने पाहता निर्वाळा चुकीचा म्हणता येणार नाही. आयोडीन तर केव्हाच संपलेले होते. प्रश्न होता सीझियम-१३७ चा, ज्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे आहे. पण सीझियम हे स्निग्धांशात फारसे राहत नाही, ते दुधाच्या पाणीदार भागात उतरते. त्यामुळे दुग्धजन्य पदार्थांत लोणी हे सर्वांत कमी संशय घेण्याजोगे. अधिक बारकाईने पाहायचेच तर भुकटीकडे पाहायला हवे. मग मुंबईकर एवढे का बिथरले? दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. खाद्यपदार्थांतील किरणोत्सर्गाच्या ज्या मर्यादांचा न्यायालयात आधार घेतला गेला त्या २७ ऑगस्ट १९८७ च्या होत्या, चेर्नोबिलनंतर सोळा महिन्यांनी घातलेल्या. मर्यादा कडक होत्या. परंतु घटना घडून गेल्यावर आलेला आकडा कितीही शास्त्रशुद्ध असला तरी सामान्य माणसाला तो माल खपविण्यासाठी काढलेला आकडा वाटतो. असे वाटणाऱ्या गिरणगावातल्या आईला अडाणी ठरविणे सोपे आहे. तिला लोणी आणि भुकटी यांतला हा फरक दोन वाक्यांत सांगणे त्याहून अवघड नव्हते.

मर्यादांविषयी आणखी एक. १९५७ मध्ये लिटरला ३७०० बेकेरेल आयोडीन चालत होते. २०११ च्या मार्चमध्ये जपानात फुकुशिमाची दुर्घटना घडली तेव्हा दुधासाठी मर्यादा होती किलोला ३०० बेकेरेल, आणि तान्ह्या मुलांसाठी १००. २३ मार्चला टोकियोच्या एका जलशुद्धीकरण केंद्रात २१० बेकेरेलची नोंद होताच तान्ह्या बाळांना नळाचे पाणी देऊ नका असे महापालिकेने जाहीर केले, आणि बाळे असलेल्या घरी बाटल्यांतले पाणी पोचविले. दूध तर त्याआधीच अडविले गेले होते. आकडे काळाबरोबर बदलतात, कारण ते निसर्गाने आखलेले नसतात. किती धोका पत्करायचा हे माणसांनी ठरविलेले असते, आणि ते कोणी, कोणाच्या वतीने ठरविले हे विचारण्याचा हक्क दूध पिणाऱ्याला आहे. जपानमध्ये पुढे लाखो मुलांचे गळे ध्वनिलहरींच्या यंत्रांनी तपासले गेले. त्यात कर्करोगाचे जे रुग्ण सापडले ते बहुतांशी कसून शोधल्यामुळे सापडले, किरणोत्सर्गामुळे नव्हे, असे संयुक्त राष्ट्रांच्या समितीचे मत आहे. मुलांना मिळालेली मात्राच चेर्नोबिलच्या मानाने फार थोडी होती, आणि वेळेवर रोखलेले दूध हे त्याचे एक मोठे कारण.

आपल्या राज्यात तारापूरचे केंद्र १९६९ पासून आहे; २०१४ साली ठाण्यातून वेगळा झालेल्या पालघर जिल्ह्यात ते आता मोडते. विंडस्केलची किंवा चेर्नोबिलची भट्टी आणि तारापूरच्या भट्ट्या यांच्या रचनेत मूलभूत फरक आहेत, आणि १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंड येथे गाभा वितळूनही भक्कम आवरणामुळे बाहेर पडलेले आयोडीन अवघे १५ क्युरीच्या आसपास होते, ही गोष्ट घबराट पसरविणाऱ्यांनी दृष्टीआड करू नये. पण आवरण हे अभियंत्यांचे काम झाले. ते कमी पडले तर काय, हे अभियंत्यांवर सोपवून भागत नाही.

आपली दूध गोळा करण्याची पद्धत या कामी मोठी सोयीची आहे. गावोगावच्या सहकारी संस्थांत सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या दुधाची फॅट तपासली जाते, चालान लिहिले जाते, टँकर ठरल्या वेळी निघतो. संकटाच्या काळात टँकरमागे एक नमुना मोजणे आणि दूध भुकटीच्या कारखान्याकडे वळविणे ही या यंत्रणेला न झेपणारी गोष्ट नव्हे. अडचण आहे ती संस्थेत न येणाऱ्या दुधाची. प्रत्येक घरी घालायच्या दुधातून लेकरांसाठी तांब्याभर आधी काढून ठेवले जाते. पाड्यावरच्या शेळीचे दूध तर कोणत्याही टँकरपर्यंत जात नाही. गोमेलच्या मुलांच्या पोटात गेले ते असलेच दूध. त्या तांब्यापर्यंत निरोप पोचविण्याचे काम तलाठ्याचे, अंगणवाडीच्या बाईंचे की शाळामास्तरांचे, आणि मुलांना द्यावयाच्या गोळ्या तालुक्याच्या कपाटात राहणार की गावातल्या शाळेच्या, हे केंद्राच्या आसपासच्या प्रत्येक गावात ग्रामसभेसमोर वाचून दाखविले पाहिजे, आणि दरवर्षी जून महिन्यात, हिरवा चारा सुरू होण्याआधी, पुन्हा वाचले पाहिजे.